क्लास बंद पडला, फी अडकली: सगळ्या पालकांनी मिळून ग्राहक आयोगात केस कशी टाकायची

वर्षाच्या मधेच कोचिंग क्लासला कुलूप लागतं, पगार थकले म्हणून सर लोक निघून गेलेले असतात, सेंटर हेडचा फोन स्विच ऑफ, आणि आपली दोन वर्षांची फी आगाऊ भरलेली. असं झालं की पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप एका रात्रीत पेटतो, कोणीतरी लिहितंच की "आपण क्लास ॲक्शन टाकू", त्यावर पन्नास अंगठे येतात आणि पुढे नक्की काय करायचं ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. उदाहरण क्लासचं घेतलंय, पण पझेशन रखडवणारा बिल्डर असो, गाशा गुंडाळलेली जिम असो की एकाच मॉडेलच्या शेकडो स्कूटरमध्ये निघालेली खराब बॅटरी असो, रस्ता साधारण हाच.

पहिलं म्हणजे डोक्यातून अमेरिका काढा. तिकडे क्लास ॲक्शन, म्हणजे सगळ्या नुकसान झालेल्यांच्या वतीने एकच दावा, झाली की तुम्ही बहुतेक वेळा आपोआप त्या गटात धरले जाता, नको असेल तर तसं कळवून बाहेर पडायचं, आणि वकील स्वतःच्या खिशातून लढून शेवटी मिळालेल्या रकमेतून आपला टक्का काढतो. न्यू जर्सीतल्या भाच्याला फॉर्म भरल्यावर घरबसल्या काही डॉलर येतात ते असे. फेसबुकच्या डेटा प्रकरणात ७२.५ कोटी डॉलरची सेटलमेंट झाली ती याच पद्धतीने, आणि ती तिथल्या युजर्सपुरती होती, इथून फॉर्म भरून उपयोग नव्हता. आपल्याकडे वकिलाने निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे, त्यामुळे "फुकट लढतो, जिंकलो तर तीस टक्के द्या" म्हणणारा कोणी भेटला तर दोन हात लांब राहा. खर्च आपणच करायचा असतो, फक्त तो वाटून घेता येतो.

आपल्या कायद्यात याची सोय आहे ती ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५(१)(सी) मध्ये. खूप ग्राहकांचं हित एकच असेल तर त्यातला एक किंवा काही जण, आयोगाची परवानगी घेऊन, सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतात. १९८६ च्या जुन्या कायद्यातही हे होतं, १२(१)(सी) म्हणून, त्यामुळे जुने निकाल वाचताना तो आकडा दिसला तर गोंधळू नका.

आधी गणित करा, मग ठरवा

हा भाग लोक सोडून देतात आणि इथेच फसतात. एकत्र लढायचं म्हणजे एकच केस टाकायची असं नसतं.

कुठल्या आयोगात जायचं हे तुम्ही किती नुकसानभरपाई मागताय त्यावर ठरत नाही, तुम्ही वस्तू किंवा सेवेसाठी किती पैसे मोजलेत त्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्याच्या वर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. आणि सगळ्यांच्या वतीने तक्रार असेल तर सगळ्यांच्या रकमेची बेरीज धरायची, राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने २०१६ साली तसं सांगितलंय.

आता समजा ६० पालक आहेत, प्रत्येकाने १ लाख ८० हजार भरलेत. बेरीज झाली १ कोटी ८ लाख, म्हणजे केस गेली राज्य आयोगाकडे. जिल्ह्यातली माणसं मुंबईच्या नाहीतर खंडपीठाच्या तारखांना बांधली गेली, आणि वर आयोगाची फी २,५०० रुपये. तीच तक्रार प्रत्येकाने वेगवेगळी टाकली तर प्रत्येकाची रक्कम ५ लाखांच्या आत, म्हणजे आयोगाची फी शून्य, केस आपल्याच जिल्ह्यात, आणि मराठीत लिहिलेली चालते. क्लासची कंपनी दिल्लीची असली तरी तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार टाकता येते, ही २०१९ च्या कायद्याची सगळ्यात मोठी मेहेरबानी.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की वीस-तीस जण असाल आणि सगळे स्वतः सही करायला तयार असतील तर एकच मसुदा बनवा, नाव, तारखा, रक्कम तेवढी बदला आणि वीस तक्रारी एकाच आठवड्यात टाका. आयोगासमोर बहुतेक वेळा त्या एकत्रच चालतात, आणि एकाच्या कागदात घोळ असला तर बाकीचे बुडत नाहीत. सगळ्यांच्या वतीने तक्रार कधी परवडते? जेव्हा ग्राहक शेकड्याने आहेत, अर्धे तर तुमच्या ग्रुपवर पण नाहीत, प्रत्येकाचं नुकसान इतकं लहान आहे की एकटा माणूस त्यासाठी अर्धी सुट्टीसुद्धा टाकणार नाही. फ्लॅटच्या बाबतीत गणित उलटं बसतं, ६० लाखांचे ४० फ्लॅट म्हणजे २४ कोटी, राष्ट्रीय आयोग, फी ७,५०० रुपये, पण ते चाळीस घरांत वाटले तर चहाचा खर्च.

मधला एक मार्ग पण आहे. सगळ्या गटाच्या वतीने नाही, फक्त सही करणाऱ्यांच्या वतीने एक संयुक्त तक्रार. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या केसमध्ये हे नीट सोडवून सांगितलंय. तिथे प्रकल्प ११३४ फ्लॅटचा, तक्रार करणारे ५१ फ्लॅटचे ९१ मालक, आणि तक्रार टाकली होती सगळ्या ११३४ च्या वतीने. कोर्टाने विचारलं की बाबांनो सगळ्यांचं हित एकच आहे हे तक्रारीत लिहिलंय कुठे, सगळ्या ब्लॉकना झालेला उशीरसुद्धा सारखा नाहीये. शेवटी केस फेकली नाही, पण ती फक्त त्या सह्या करणाऱ्यांची संयुक्त तक्रार म्हणून चालवायला सांगितली. पण इतकं कळायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, त्यात गेलेला वेळ आणि वकिलांची बिलं कोण भरून देणार.

ग्रुपचं काम: शीट, पैसे, तीन माणसं

व्हॉट्सॲपवर चर्चा बंद करा आणि गूगल फॉर्म काढा. रकाने असे: विद्यार्थ्याचं नाव, फी कोणी भरली, कोणत्या तारखेला किती, जीएसटी धरून की सोडून, रोख की ऑनलाइन की लोन, बॅच कुठली, कोर्स किती महिन्यांचा, शेवटचं लेक्चर कधी झालं, आत्तापर्यंत किती रिफंड आला, पावती आहे का. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण "पावती आहे, शोधतो" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे नसते आणि ते आत्ताच कळलेलं बरं. पावती नसेल तर बँक स्टेटमेंटमधली ती ओळ, ॲडमिशन कन्फर्म झाल्याचा मेसेज, क्लासच्या ॲपमधला फी स्टेटसचा स्क्रीनशॉट, काहीही. आणि स्क्रीनशॉट आजच काढा, कंपनी बुडाली की ॲप पण जातं. जाहिरातीचं पत्रक, "रँक नाही आली तर फी परत" वगैरे बॅनरचे फोटो पण जमवा. कोणाच्या फोनमधले चॅट लावणार असाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट सोबत जोडा, आयोगात पुराव्याचे नियम कोर्टाइतके कडक नसतात तरी सामनेवाल्याच्या, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या, वकिलाला बोलायला जागा कशाला ठेवायची.

पैसे एका माणसाच्या यूपीआयवर कधीच गोळा करू नका. दोघांच्या नावाने जॉइंट खातं, स्टेटमेंट दर महिन्याला ग्रुपवर. चांगले चांगले ग्रुप केसमुळे नाही, हिशोबामुळे फुटलेत. आणि पुढे राहणारी माणसं तीनच असू द्या: एक कागदवाला, एक पैसेवाला, एक वकिलाशी बोलणारा. बाकी "सर तुम्ही पुढे व्हा, आम्ही पाठीशी आहोत" म्हणणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांना प्रेमाने फॉर्मची लिंक पाठवायची.

हित एकच आहे हे दाखवायचं कसं

सगळी मेख इथे आहे. सगळ्यांचं नुकसान सारखं असायला लागत नाही, सगळ्यांची तक्रार आणि मागणी एका साच्यातली असायला लागते. अमुकला १ लाख १२ हजार परत द्या, तमुकला ७५ हजार द्या आणि मनस्तापाचे वेगळे द्या, तिसऱ्याच्या मुलीला डिप्रेशन आलं म्हणून ५ लाख द्या, असं लिहिलं की हित एक राहिलंच नाही. त्याऐवजी सूत्र मागा: भरलेली एकूण फी जीएसटीसह, गुणिले न शिकवलेले महिने, भागिले कोर्सचे एकूण महिने. १ लाख ८० हजार फी, कोर्स २४ महिन्यांचा, ९ महिने शिकवलं, तर उरलेल्या १५ महिन्यांचे १ लाख १२ हजार ५०० परत, अधिक ठरावीक दराने व्याज. हे सूत्र सगळ्या विद्यार्थ्यांना तसंच्या तसं लागतं, कोणी कितीही भरलेलं असो. ज्याचं दुखणं खरंच वेगळं आहे त्याने आपली तक्रार स्वतंत्र टाकावी, भीड बाळगू नये.

तक्रारीसोबत परवानगीचा वेगळा अर्ज लागतो, आणि तो तक्रारीबरोबरच द्यायचा, नंतर सुचलं म्हणून नाही. त्यातला मुख्य परिच्छेद साधारण असा लिहा:

"सामनेवाले यांनी अमुक शहरातील अमुक केंद्रात अमुक वर्षी सुरू झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश घेतलेल्या सर्व विद्यार्थ्यांच्या पालकांकडून आगाऊ शुल्क घेतले आणि अमुक तारखेपासून कोणतीही पूर्वसूचना न देता अध्यापन बंद केले. अशा पालकांची संख्या तक्रारदारांच्या माहितीप्रमाणे सुमारे इतकी आहे, यादी सोबत जोडली आहे. सर्वांच्या तक्रारीचे कारण एकच असून सर्वांसाठी एकाच सूत्राने परतावा मागितला आहे. तक्रारदारांचे हित इतर पालकांच्या हिताविरुद्ध नाही. सबब कलम ३५(१)(सी) अन्वये सर्वांच्या वतीने तक्रार दाखल करण्याची परवानगी मिळावी."

गट कोणाचा हे इतकं नेमकं लिहायचं की बाहेरच्या माणसाला वाचून कळावं, अमुक पालक यात बसतो की नाही. "क्लासचे सर्व पीडित ग्राहक" हे चालत नाही. शक्यतो एकच केंद्र, एकच बॅच, नाहीतर ब्रिगेडसारखं ब्लॉक-ब्लॉकचा फरक निघतो.

तक्रार टाकण्याआधीची नोटीस कायद्याने सक्तीची नाही पण पाठवाच. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने, कंपनीच्या रजिस्टर्ड पत्त्यावर आणि स्थानिक केंद्रावर, पंधरा दिवसांची मुदत. पाकीट "पत्त्यावर नाही" शेरा मारून परत आलं तर फाडून बघू नका, तसंच सीलबंद ठेवा, तो पण पुरावाच. फी लोनवर भरली असेल तर फायनान्स कंपनीलाही नोटीस द्या आणि तक्रारीत सामनेवाले क्रमांक दोन करा, कारण क्लास बंद झाला तरी ईएमआय कापला जातो, आणि तुम्ही चिडून तो थांबवला तर सिबिल खराब होतो. त्यामुळे हप्ते बंद करण्याआधी आयोगाकडून अंतरिम आदेश मागा.

आणि मुदत विसरू नका, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. उशीर माफ होऊ शकतो पण कारण पटवावं लागतं, ग्रुपवर एकमत होत नव्हतं हे कारण आयोगाला पटेल असं वाटत नाही.

अटींना घाबरू नका

ॲडमिशन फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात तीन गोष्टी हमखास असतात: फी परत मिळणार नाही, वाद फक्त अमुक शहराच्या कोर्टात, आणि वाद झाला तर आर्बिट्रेशन, म्हणजे कोर्टाऐवजी लवादाकडे जायचं. आर्बिट्रेशनची अट असली तरी ग्राहक आयोगात जाता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये तसं नक्की केलंय. फी परत न करण्याच्या अटीबद्दल मात्र एक खोच आहे. तिला तुम्ही "अनुचित करार" म्हणालात तर तो विषय जिल्हा आयोगाच्या हातातला नाही, राज्य आणि राष्ट्रीय आयोगाचा आहे. म्हणून जिल्ह्यात जाताय तर सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा असं लिहा, शिकवणंच बंद केलंय तर तेवढं पुरतं. शाळा-कॉलेजांच्या बाबतीत ग्राहक कायदा लागतो का यावर खूप काथ्याकूट झालाय, पण कोचिंग क्लास त्या सवलतीत येत नाहीत, राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये तसं म्हटलंय.

वकील घेणं बंधनकारक नाही, स्वतः उभं राहता येतं. साध्या रिफंडच्या वैयक्तिक तक्रारीत मी तर म्हणेन स्वतःच करा, पण सगळ्यांच्या वतीने तक्रार असेल तर अनुभवी माणूस घ्याच. आणि फी आधी लेखी ठरवा, कारण मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वकिलाच्या सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, तेव्हा तिथे आपण ग्राहक नाही.

दाखल ऑनलाइन होतं. आधी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आलंय, फी पण तिथेच भरायची आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते. पीडीएफला पानांचे नंबर आणि वर अनुक्रमणिका नसली की त्रुटी काढून परत येतं, पहिल्यांदा जवळजवळ सगळ्यांचं येतं, खचू नका.

परवानगी मिळाल्यावर

मग आयोग बाकीच्या ग्राहकांना कळवायला सांगतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १ नियम ८ प्रमाणे. संख्या मोठी असेल तर पेपरात जाहीर नोटीस, खर्च तक्रारदारांचा, म्हणून तो बजेटमध्ये आधीच धरा. नोटीस वाचून कोणीही पक्षकार व्हायला अर्ज करू शकतो. ही औपचारिकता वाटते, पण निकाल त्या गटातल्या सगळ्यांना बांधून ठेवतो, हरलात तरी, त्यामुळे लोकांना कळवणं आलंच.

याच नियमात एक कलम आहे जे सामनेवाल्याला आवडत नाही: सगळ्यांना नोटीस दिल्याशिवाय तक्रार मागे घेता येत नाही की तडजोड करता येत नाही. केस रंगात आली की कंपनीचा माणूस पुढच्या तिघांपैकी एकाला हळूच फोन करतो, "तुमचे पूर्ण देतो, सही करा". तुमच्या एकट्याचे घ्यायला कोणी अडवत नाही, पण त्याने गटाची केस संपत नाही. वीस वेगळ्या तक्रारी असतील तर मात्र हे संरक्षण नाही, तिथे एकेक गळत जातो, तेवढा तो तोटा धरूनच चला.

सामनेवाल्याला म्हणणं द्यायला ३० दिवस आणि फार तर १५ दिवस वाढीव, त्यापुढे आयोगही मुदत देऊ शकत नाही, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने मार्च २०२० मध्ये हे पक्कं केलंय, तर ४५ दिवस उलटले की तुम्हीच उठून सांगा. कायद्यात निकाल ३ महिन्यांत लागावा असं लिहिलंय. प्रत्यक्षात वर्षाच्या हिशोबाने चाला. सरकारने स्वतः २०१५ मध्ये मॅगीवरून नेस्लेविरुद्ध ग्राहकांच्या वतीने ६४० कोटींची तक्रार टाकली होती, ती २०२४ मध्ये फेटाळली गेली, म्हणजे दावेदार सरकार असूनही नऊ वर्षं आणि हाती काही नाही.

यासोबत करायची दोन कामं

एक, १९१५ वर फोन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि कंपनी अजून चालू असेल तर बऱ्याचदा इथेच पैसे सुटतात. पण ती हेल्पलाइन आहे, आदेश काढू शकत नाही, आणि तिथे तक्रार पडून आहे म्हणून दोन वर्षांची मुदत थांबत नाही.

दोन, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, म्हणजे सीसीपीए. हे २०२० पासून आहे आणि एकूण ग्राहकवर्गाचं हित बघणं हेच त्याचं काम. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी ओलाला सांगितलं की रिफंड कूपनमध्येच नाही, ग्राहकाने मागितला तर बँक खात्यात पण द्या. खोट्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळ्या मार्गदर्शक सूचनाच काढल्यात. दंडाचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत, पण तिथला आदेश तुमच्या केसमध्ये दाखवता येतो.

कंपनी दिवाळखोरीत गेलीये का हे मात्र दर महिन्याला तपासत राहा. एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, प्रक्रिया सुरू केली की तिच्याविरुद्धच्या ग्राहक केसेस पण थांबतात, आणि मग दिलेल्या मुदतीत दिवाळखोरीचं काम बघायला तिथे नेमलेल्या प्रोफेशनलकडे प्रत्येकाने आपल्या रकमेचा क्लेम फॉर्म भरायचा असतो. ग्रुपची शीट इथे पुन्हा कामाला येते.

निकाल आपल्या बाजूने लागला की पेढे वाटून ग्रुप बंद करू नका. जिल्हा आयोगाच्या निकालावर सामनेवाल्याला अपील करायला ४५ दिवस आहेत, पण अपील करताना त्याला ५० टक्के रक्कम भरावी लागते. अपील नाही केलं आणि पैसेही नाही दिले तर कलम ७१ आणि ७२ खाली अंमलबजावणीचा अर्ज टाकायचा. ७२ मध्ये किमान एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, वॉरंट निघालं की स्विच ऑफ असलेले फोन चालू होतात. अर्जासोबत निकालाची सर्टिफाइड कॉपी आणि प्रत्येकाच्या बँक खात्याचा तपशील लागतो, तर तो रकाना त्या गूगल फॉर्ममध्ये पहिल्याच दिवशी टाकून ठेवा.